एक्केचाळिसावी खोली

९ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर बोलायला लागलो की दोन वाक्यांनंतर आपण दोघी नुसत्या नाक ओढत बसतो. म्हणून पत्र लिहितेय. वसतिगृहात सिस्टर दर शुक्रवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या, आठवतं? उजव्या कोपऱ्यात तारीख, डावीकडे समास, आणि पहिलं वाक्य 'मी मजेत आहे'. तारीख आणि समास पाळलाय. पहिलं वाक्य तेवढं सोडून देते.

सोबत एक पुडकं आहे. त्यात तो व्हिडिओ गेम आहे, तू भिंगरीला अकराव्या वाढदिवसाला दिलेला, राखाडी, साबणाच्या वडीएवढा. दोन वर्षं तिच्या खोलीचं दार लोटून ठेवलं होतं, ते परवा उघडलं. ह्यांनी पडदे काढले आणि मग बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले, अर्धा तास, एकाच कुंडीला. मी कपाट आवरलं. गेम स्वेटरांच्या खाली होता.

ताई, माझं एक काम आहे. ती बारा वर्षांची असताना मी तो गेम तिच्याकडून काढून घेतला होता. परीक्षा जवळ आलेली आणि ही जेवतानासुद्धा हवेत अंगठे हलवायची. तेव्हा ती एक्केचाळिसाव्या खोलीत अडकली होती. 'आई, एवढी एक खोली होऊ दे, मग देते,' म्हणाली. मी थांबले नाही. आठ महिन्यांनी परत दिला तेव्हा 'बरं' म्हणून तिने तो खणात ठेवला. त्यानंतर ती खेळताना मला कधी दिसली नाही. आजारपणात, शेवटच्या महिन्यात, मी एकदा विचारलं, देऊ का तुला तो? तर हसून म्हणाली, 'राहू दे गं आई, अंगठे ऐकत नाहीत आता.'

तेव्हापासून ती एक खोली माझ्या डोक्यात बसलीय. नंतर कधीतरी, कॉलेजात असताना, माझ्या पाठीमागे, ती त्या खोलीतून बाहेर पडली होती का? तेवढं बघून सांग. तुम्ही दोघी सुट्टीभर खेळायचात, तुला त्यातलं कळतं. मी स्वतः चालू करत नाही. चुकीचं बटण दाबलं गेलं आणि तिचं काही पुसलं गेलं तर?

आणि हो, बाबांची शिस्त मोडलेली नाही. कोणाची वस्तू घराबाहेर जाताना धड होऊनच गेली पाहिजे. शेजारणीची कात्रीसुद्धा ते धार लावून परत करायचे. मी गेम आमच्या घड्याळवाल्या काकांकडून दुरुस्त करून घेतलाय. बटणांखालचा मळ काढला, मागचे सेल नवे घातले, आणि मागे खोचलेली खेळाची कॅसेट उघडून तिच्या आतला बटणाएवढा सेलही बदलला. अगदीच जुना झाला होता म्हणाले. आता दहा वर्षं बघायला नको.

तुझी,
मनी

१७ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

मने,

काय करून बसलीस गं.

हा गेम घेतला तेव्हा दुकानदाराने मला सांगितलं होतं, कॅसेटच्या आत एक चपटा सेल असतो, खेळणारा कुठवर आला ते त्याच्या जिवावर लक्षात राहतं. तो काढला की सगळं गेलं. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही.

काल चालू केला. सुरुवातीला तीन ओळी येतात, तीन जणांसाठी तीन जागा. पहिली तिची, दुसरी माझी, तिसरी कायम रिकामी. तिन्ही रिकाम्या निघाल्या. माझी एकोणिसावी खोलीही गेली, त्याचं काही नाही. पण तिची. तिने दाबलेलं प्रत्येक बटण त्यात होतं आणि तू ते साफ करून, नवं करून मला पाठवलंस. बाबांच्या शिस्तीने.

हे तुला मी कसं

२० जानेवारी

प्रिय मनी,

पुडकं पोचलं. बांधलंस असं की सोडताना कात्री, सुरी आणि शेजारीण तिघी लागल्या. लायब्ररीची पुस्तकं बांधता बांधता तुला वाटत असेल, जगात सगळंच शंभर वर्षं टिकायला हवं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सुटली होती गं ती खोली. एक्केचाळिसावी मागे पडली. भिंगरी बावन्नाव्या खोलीपर्यंत गेली होती.

आता चैन पडलं का? मग पुढचं वाच. तुला खेळ माहीत नाही, म्हणून सांगते. एक मनोरा आहे, त्यात साठ खोल्या. एक बुटका माणूस, गोल टोपी, हातात कंदील. भिंगरी त्याला ठेंगू म्हणायची. प्रत्येक खोलीत त्याने खोकी ढकलायची, शिड्या चढायच्या, किल्ली मिळवायची आणि दार उघडून वर जायचं. उडी चुकली की तो खाली पडतो, उठून बसतो, टोपी झटकतो आणि तुझ्याकडे बघतो. रागाने नाही. 'चल, पुन्हा' म्हटल्यासारखं. मरत बिरत कोणी नाही ह्यात, म्हणूनच मी तो घेतला होता.

चाळीस वर्षं मी कवळ्या घडवल्या. दुसऱ्याच्या तोंडात बसेल असा दात कानशीने घासत बसायचा म्हणजे चिकाटी लागते. ती आता इथे कामाला येतेय. ह्यात तीन जणांसाठी तीन जागा असतात, पहिली तिची, दुसरी माझी, तिसरी कायम रिकामी. जेवण झालं की खिडकीपाशी बसून खेळते, माझ्या जागेत, पहिल्यापासून.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी बाइंडिंगच्या टेबलापाशी उभ्याने वाचलं आणि नंतर एक अख्खं रजिस्टर उलटं बांधलं. पुठ्ठा सरळ, आत पानं डोक्यावर उभी. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात. मी हसले. त्या घाबरल्याच, कारण मला हसताना पाहून त्यांनाही दोन वर्षं झाली होती.

बावन्न. म्हणजे नंतर खेळली ती. मी तोडलं ते तुटलं नव्हतं. ह्यांना सांगितलं. जेवताना म्हणाले, 'बावन्न म्हणजे साठातले बरेच झाले की.'

आता ऐक. तिच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने आकडे लिहिलेले आहेत, एकाखाली एक. मला आधी वाटलं वजन असेल. मग आठवलं, किती वेळा पडलो ते हा गेम मोजतो ना? ती ओरडत स्वयंपाकघरात यायची, 'आई, हजारावं पडणं', आणि आम्ही पेढा मिळाल्यासारखं तोंड गोड करायचो. दारावरचा शेवटचा आकडा १३१६ आहे. पुढे तारीख, मी गेम काढून घेतला त्याच्या आदल्या दिवसाची.

तर आता गेममध्ये तिच्या नावापुढे किती आहे? जितके जास्त असतील तितके नंतरचे. तितक्या वेळा ती मला न कळता खेळायला बसली. तो आकडा मला कळव.

मनी

१९ फेब्रुवारी

प्रिय मनी,

उशीर झाला. चष्म्याचा नंबर वाढला, डॉक्टरांनी सात दिवस डोळ्यांना विश्रांती दे म्हटलं, मग चष्मा यायला तीन दिवस.

आकडा एक हजार चारशे दोन आहे.

एक्केचाळिसावी खोली मीही पार केली काल, माझ्या जागेत. ती कशी आहे ते सांगते, म्हणजे लेक किती हुशार होती ते तुला कळेल. समोर मोठी खाई आहे आणि पलीकडे दार. ठेंगू कितीही जोरात धावत आला तरी बोटभर कमी पडतो. खोकं नाही, शिडी नाही, काही नाही. गंमत अशी की त्याच्या हातातल्या कंदिलाला वजन आहे. तो खाली ठेवला तर उडी पोचते. पण कंदील ठेवला की पडदा काळा होतो आणि दार कुठे आहे ते दिसत नाही. उजेडात नीट बघून घ्यायचं, लक्षात ठेवायचं, आणि मग अंधारात उडी मारायची. चाळीस खोल्या ज्याने कंदील सोडला नाही, त्याला हे सुचत नाही.

तुझी,
ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

कंदील ठेवायचं तिला सुचलं कसं गं? मला नसतं सुचलं. मी तर ती गेल्यावरसुद्धा तिच्या खोलीतला दिवा रोज संध्याकाळी लावत होते.

आता नाही लावत. तुझ्या मागच्या पत्रानंतर थांबले. खिडकी उघडते, दुपारी तिथेच बसून शिवण करते. ह्यांनी तिचं टेबल वापरायला घेतलंय. माझ्या छातीवर कोणी तरी बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं वाटतं.

मी वीस एप्रिलला येतेय. तिकीट काढलं. चार दिवस राहीन. मला तो आकडा डोळ्यांनी बघायचाय. चौदाशे दोनमधून तेराशे सोळा वजा केले की शहाऐंशी उरतात. ती शहाऐंशी पडणी माझ्या पाठीमागची आहेत, ती माझी माफी आहे. हसू नकोस. तिने मला तोंडाने कधी दोष दिला नाही, म्हणून तोंडाने माफही केलं नाही. हे एवढंच आहे लिहिलेलं.

तुला काही आणू का? कवळी सोडून.

मनी

८ एप्रिल

प्रिय मनी,

वीस तारखेच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून आज लिहिते.

चौदाशे दोन हा आकडा खोटा आहे. बावन्न खोटं आहे. तिची जागा रिकामी होती. कॅसेटच्या आतला तो छोटा सेल बदलला की साठवलेलं सगळं जातं. घड्याळवाल्यांना ते ठाऊक नसणार, त्यांच्या लेखी सेल म्हणजे सेल. तुलाही ठाऊक नव्हतं. तू वस्तू धड करून पाठवलीस, आपण दोघी आयुष्यभर पाठवत आलो तशी. ती सुटली की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही.

माझ्या हातून पुसलं गेलं असं लिहावं, असंही मनात आलं. मग वाटलं, एका खोट्याने भागलं नाही, दुसऱ्याने काय भागणार.

मी काय केलं ते सांगते. तिच्या नावाने पहिल्या खोलीपासून खेळायला घेतलं. तुला लिहिलं 'माझ्या जागेत', ते तिच्या जागेत होतं. तू यायच्या आत बावन्न गाठायचं ठरवलं. माझे अंगठे एकसष्ट वर्षांचे आहेत, पण गाठलं, मार्चच्या शेवटी. तेव्हा पडण्याचा आकडा होता सहाशे अकरा. मी भिंगरीपेक्षा सावध खेळते. तुला चौदाशे दोन सांगून बसले होते.

मग मी त्याला पाडायला लागले. मुद्दाम. खाईच्या काठावर न्यायचं आणि ढकलायचं. एक पडणं चार सेकंदांचं. पडायचा, उठून बसायचा, टोपी झटकायचा, माझ्याकडे बघायचा. पुन्हा. एका दुपारी नव्वद, दुसऱ्या दुपारी एकशे चाळीस. अंगठा सुजला तर चिंधी बांधून पाडला. आठशे एक्केचाळीसला तो उठला, टोपी झटकली, माझ्याकडे बघितलं, आणि मला पुढे काही करवेना. मनी, तिने त्याला एकदाही मुद्दाम पाडलं नव्हतं. तिची तेराशे सोळा पडणी म्हणजे तेराशे सोळा वेळा पोचायचा प्रयत्न होता. आणि मी त्या आकड्याची नक्कल करत होते, तोंडात कवळी बसवावी तशी.

तू ये. वाटेल ते बोल, पण ये.

ताई

१५ एप्रिल

ताई,

तिकीट परत केलं.

सेल बदलून मीच ते पुसलं हे जानेवारीत कळलं असतं तर जानेवारीत रडून घेतलं असतं. तू मला तीन महिने चांगलं वाटू दिलंस आणि मग काढून घेतलंस. मी तिचा गेम काढून घेतला तेव्हा निदान परीक्षा तरी होती.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तिच्या टेबलावर बसून पेपर वाचतात.

पत्र लिहू नकोस.

मनी

२ मे

मनी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. हे पत्र माझं नाहीच. सोबतचा कागद वाच. भिंगरीने बारा वर्षांची असताना मला लिहिलेली चार पत्रं माझ्याकडे आहेत, त्यातलं हे तिसरं. हे तुला दाखवणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. अठरा वर्षं पाळला. जानेवारीत तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मोडायला हवा होता. पण ज्याला शब्द दिला ते माणूस गेलं की तो मोडायला जास्त जड जातो, कारण माफ करायला कोणी उरत नाही.

मूळ कागद पाठवतेय. डाग तिचेच आहेत, जॅमचे.

ताई

*

प्रिय मावशी,

मी मजेत आहे. (हे लिहावं लागतं असं आई म्हणते.)

गेम आईने काढून घेतला. लपवलाय. पण मला माहितीये कुठे आहे ते. शिवणयंत्राच्या लाकडी झाकणाखाली. मी शेजारीच बसून अभ्यास करते. आई शिवता शिवता मधेच झाकणाला हात लावून बघते, गेम आत आहे ना ते. मग माझ्याकडे बघते, मग मी पटकन पुस्तकात बघते. मला खूप हसू येतं पण मी हसत नाही.

मी तो काढू शकते. आई बाजारात जाते तेव्हा एक तास मिळतो. पण मी काढणार नाही, कारण तिला कळलं की मला माहितीये, तर तिला दुसरी जागा शोधावी लागेल, आणि आपल्या घरात दुसरी चांगली जागा नाहीये. आणि तिला वाईट वाटेल. तिला वाटतंय तिने खूप छान लपवलाय.

आणि दुसरं गुपित म्हणजे एक्केचाळीस मला सुटली. मनातल्या मनात! झोपल्या झोपल्या. कंदील खाली ठेवायचा. मग तो हलका होतो ना. मग अंधारात उडी. दार कुठे आहे ते मला पाठ आहे. आता गेम मिळाला नाही तरी काही नाही, कारण मला माहितीये की तो पोचतो.

आईला सांगू नकोस हं. शप्पथ.

तुझी भिंगरी

*

११ जून

प्रिय ताई,

पाच आठवडे तो कागद माझ्या शिवणयंत्राच्या झाकणाखाली होता. ठेवला कुठे, तर तिथेच. हाताला दुसरी जागा माहीतच नाही.

झाकणाला मी मधूनमधून हात लावत होते, हे मला आठवतच नव्हतं. आठ महिने ती माझ्या शेजारी बसून मला सांभाळून घेत होती आणि मी समजत होते, मी तिला शिस्त लावतेय. रडू येतंय, पण ते जानेवारीतलं रडू नाही. तेव्हा तिच्याजवळ पोचता येत नव्हतं म्हणून रडत होते.

मी नंतर परत दिला तेव्हा 'बरं' म्हणून ठेवला ना तिने खणात, ते बहुधा ह्याचमुळे. तिला माहीत होतं, तो पोचतो. बहुधा. नक्की कोण सांगणार आता. ह्यांना सगळं सांगितलं. ते कागद वाचून बराच वेळ जॅमच्या डागावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, 'जॅम खाऊ नकोस म्हणून मी ओरडायचो तिला.' त्यांचीही एक खोली होती म्हणजे.

घड्याळवाल्या काकांकडेही गेले होते, भांडायला. त्यांनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं आणि विचारलं, 'मुलीचा गेम चालतोय ना नीट?' मी म्हटलं, चालतोय. आणि परत आले.

तुझ्यावरचा राग गेला, असं लिहिलं तर सिस्टरना आवडेल. थोडा आहे अजून. पण सुजलेल्या अंगठ्याला चिंधी बांधून तू त्या बिचाऱ्याला ढकलत बसलेली डोळ्यांसमोर येतेस आणि राग पुरा होत नाही.

ताई, गेम मला पाठव. तिच्या नावाने तू खेळलीस ते पुसू नकोस. आठशे एक्केचाळीस तसेच राहू देत, त्यातली निम्मी तरी खरी आहेत. तिसरी जागा कायम रिकामी असायची म्हणालीस, ती मी घेते. पहिल्या खोलीपासून. मला काही सांगू नकोस, पडू दे.

आणि एक. पाठवण्याआधी काही करू नकोस. सेल बदलू नकोस, बटणं पुसू नकोस. कोपरा सैल झाला असेल तर सैल राहू दे, आत धूळ गेली असेल तर धुळीसकट. बाबांना काय वाटायचं ते वाटू दे.

आहे तसाच पाठव.

तुझी,
मनी